कोकणातून केदारकंठा: बर्फातली चढाई, स्नोशू घालून

गुहागर, देवगड, मालवणकडच्या माणसाला भिजण्याचं भय नसतं. चार महिने अंगावरचे कपडे दमटच असतात, आणि पंचवीस-सव्वीस अंशांत ओलं राहिल्याने फारसं काही बिघडत नाही. बर्फात गेल्यावर नेमकी हीच सवय नडते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. उणे आठ-दहा अंशांत चढताना घामाने भिजलेला बनियन तुम्ही पाच मिनिटं थांबलात की दात वाजवायला लावतो. दम कमावता येतो, पायही तयार करता येतात. कोरडं राहणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं, म्हणून खालच्या बऱ्याच सूचना फिरून फिरून तिथेच येतात.

कुठे आणि केव्हा

पहिल्या हिवाळी शिखरासाठी उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं केदारकंठा बरं. उंची ३,८१० मीटर. पायथ्याचं गाव सांकरी, साधारण १,९५० मीटरवर. वाट देवदार-बांजाच्या जंगलातून जुडा का तालाबपर्यंत (२,७०० मीटरच्या आसपास) आणि तिथून सुमारे ३,४०० मीटरवरच्या तळापर्यंत जाते. शेवटचे चारशे मीटर उघड्या उतारावरून.

डिसेंबरात फोटो छान येतात, पण बर्फाचा भरवसा नसतो, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात वाटेवर जत्रा असते. स्नोशू (पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) वापरायचे असतील तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धरा. आंब्याची बाग असलेला मित्र मोहोराच्या फवारण्या सोडून निघणार नाही आणि शिमग्याला कुणीच बाहेर राहणार नाही, हे धरूनच तारखा ठरवा.

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने दिल्लीच्या निजामुद्दीनला पोचायला सव्वा-दीड दिवस जातो. तिथून डेहराडून, आणि डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी मार्गे सांकरी, सुमारे २०० किलोमीटर. घाटरस्ता असल्याने आठ ते दहा तास लागतात. गाड्या पहाटेच सुटतात, म्हणून आदल्या रात्री डेहराडूनला मुक्काम करा. रोख पैसे पुरोल्यापर्यंतच काढून घ्या. वाट गोविंद पशुविहार अभयारण्याच्या हद्दीतून जाते, तेव्हा वनखात्याचं प्रवेशपत्र लागतं. ओळखपत्राच्या प्रती बरोबर ठेवा. जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यामुळे गाड्या रखडतात. जाता-येता एकेक दिवस मोकळा ठेवला नाही, तर तो दिवस सांकरीतल्या विश्रांतीतून कापला जातो, आणि कापायचा नसतो तो हाच दिवस. गॅसचे डबे रेल्वेत नेता येत नाहीत. चूल आणि इंधन तिकडेच घ्या.

स्नोशू खरंच लागतात का?

रोज लोक चालतात त्या वाटेवरचं बर्फ दाबून घट्ट होतं. तिथे बुटांवर चढवायचे दातेरी मायक्रोस्पाइक पुरतात आणि स्नोशू उलट अडचण करतात. रात्रीत नवं बर्फ पडलं, वाट बुजली, किंवा गर्दी टाळून बाजूच्या धारेने जायचं ठरलं, की चित्र बदलतं. साधी खूण: पाय नडगीच्या निम्म्यापर्यंत रुतायला लागला की स्नोशू घाला, घोट्याच्या खालीच राहत असेल तर सॅकला बांधून ठेवा. गुडघाभर बर्फातून पाय उपसत चालणाऱ्याचा वेग निम्म्यावर येतो आणि घाम दुप्पट निघतो.

भाड्याने घ्यायचे तर निघण्याच्या महिनाभर आधी सांकरी किंवा डेहराडूनच्या ट्रेकवाल्यांशी बोलून जोड्या नक्की करा. आपल्याकडे स्पाइक आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घोट्या-नडगीवर बांधायचं आवरण) सहज मिळतात, स्नोशू तसे मिळत नाहीत. सहा जणांत चारच जोड्या मिळत असतील तर एकही नेऊ नका. घालणारे वरच्यावर जातात, बाकीचे त्यांच्याच मागे रुततात आणि अर्ध्या तासात टोळीचे दोन तुकडे होतात.

माप बुटावर नव्हे, वजनावर ठरतं, आणि वजन धरायचं ते कपडे, बूट, सॅकसकट. ८० किलोपर्यंत २२ इंची आणि ८० ते १०० किलोंपर्यंत २५ इंची चालतात. भुसभुशीत कोरड्या बर्फात त्याहून लांब लागतात. गरजेपेक्षा मोठे घेतले तर झाडीत वळताना एकमेकांवर आपटतात. डोंगरासाठीच्या जोडीत तीन गोष्टी पाहून घ्या: चवड्याखाली धातूचे दात, दोन्ही कडांना दातेरी पट्टी, आणि टाचेखाली वर उचलायची तार. सपाटीवर फिरायच्या स्वस्त जोड्यांना कडेचे दात नसतात. आडव्या उतारावर त्या घसरतात.

बसवताना पायाचा चवडा बरोबर बिजागरीवर आला पाहिजे. पुढे सरकला तर बुटाचं टोक पुढच्या फटीच्या काठावर अडकून तुम्ही तोंडावर पडता. मागे राहिला तर प्रत्येक पावलाला शेपटी उचलावी लागते आणि तासाभरात मांड्या भरून येतात. आधी टाचेचा पट्टा लावून बूट जागेवर आणा, मग चवड्याचे पट्टे. बकला नेहमी बाहेरच्या बाजूला. आत राहिल्या तर दुसऱ्या पायाच्या स्नोशूत अडकतात. दहा मिनिटं चालल्यावर पट्टे सैल पडतातच, एकदा थांबून परत आवळा. हे सगळं हातमोजे घालून जमतं का ते खोलीतच करून पाहा. तुटलेल्या पट्ट्यासाठी चार-पाच प्लॅस्टिकचे झिप टाय आणि हातभर तार सॅकमध्ये असू द्या.

कपडे आणि बूट

सुती बनियन, जीन्स, सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम शोषतं आणि वाळत नाही. अंगाला लागून पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं पातळ जाकीट. पिसांचं जाड जाकीट चालताना घालायचंच नाही. ते सॅकच्या तोंडाशी ठेवा आणि थांबलात की अंगावर घ्या. पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार, तेव्हा एक थर आधीच उतरवा. पावसाळ्यातला रबरी रेनकोट इथे निकामी. बाहेरचं पाणी तो अडवतो, पण आतली वाफही सोडत नाही.

गमबूटही त्याच कारणाने बाद. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी न शिरणारे बूट घ्या. जाड मोजा घालून पुढे अंगठ्याइतकी जागा राहिली पाहिजे. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. मोज्यांचे तीन जोड ठेवा, त्यातला एक फक्त झोपताना. हातांसाठी आत पातळ मोजे, त्यावर लोकरी, आणि वर पाणी न शिरणारे मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे मोजे. पातळ मोज्यांचा एक जोड जास्तीचा हवाच, कारण पट्टे आवळताना तेच आधी भिजतात.

कोकणातलाच खास असा एक प्रश्न आहे, दुकानदार तो सांगत नाही. बुटाच्या तळव्यातला मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत न वापरता ठेवलेले बूट चार-पाच वर्षांत आतून कुजतात. वरून नवे दिसतात, आणि बर्फात दुसऱ्या दिवशी सोल पोळीसारखा सुटतो. जुने बूट नेणार असाल तर तळवा अंगठ्याने जोरात दाबा. चिरा पडल्या किंवा भुगा सुटला तर ते बूट आंगणापुरतेच ठेवा. किनाऱ्यालगत घर असेल तर जाकिटाच्या चेनी आणि काठ्यांचे सांधे खाऱ्या हवेने धरलेले असतात, तेही आधीच उघडून पुसा.

आठ आठवड्यांचा सराव

बर्फ नसलं तरी किनाऱ्यावर सरावाला भरपूर जागा आहे. भरती-रेषेच्या वरची कोरडी, सैल वाळू घ्या. गुहागरचा किनारा त्यासाठी चांगला, पाच-सहा किलोमीटर लांब आणि मोकळा. ट्रेकचेच बूट आणि गेटर घालून, पाठीवर सात-आठ किलो घेऊन आठवड्यातून दोनदा तासभर चाला. वाळू बुटात गेली तर गेटर नीट बसलेले नाहीत. तिथून उद्या बर्फही जाणार. पाय थोडे फाकवून टाकायची सवय याच वाळूत लावा.

चढासाठी रायगडाच्या पायऱ्या, चौदाशेच्या वर आहेत. शेवटच्या महिन्यात दोनदा सॅकसह चढा आणि पायऱ्यांनीच उतरा. रोपवेने खाली येण्याचा मोह होतो, पण गुडघे आणि मांड्या तयार होतात त्या उतारावरच. खेडकडच्या मंडळींना महिपतगड जवळ पडेल. वेगाची कसोटी एकच: चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं म्हणजे वेग जास्त आणि घामही जास्त. समुद्रसपाटीवर कितीही सराव केला तरी उंचीची सवय होत नाही, ती वरच करावी लागते.

उंची

३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६३ टक्के असतो. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप उडणं सुरू होऊ शकतं. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. जुडा का तालाबहून तळापर्यंतची उडी त्यापेक्षा मोठी आहे, म्हणून सांकरीत दोन रात्री काढाच. मधल्या दिवशी गावावरच्या जंगलात तीन-चारशे मीटर चढून परत या. तिथे बर्फ असेल तर स्नोशूंची तालीमही होते.

डोकं दुखतंय पण पाणी, जेवण आणि विश्रांतीने थांबतंय, तर तिथेच थांबा, वर जाऊ नका. सरळ रेषेत टाचेला चवडा लावत चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर रात्र असली तरी त्या माणसाला खाली न्यायचं. सकाळची वाट पाहत बसू नका. उंचीच्या त्रासावरचं ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं असेल तर निघण्याआधी गावातल्या डॉक्टरांशी बोला. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊच नये.

बर्फात चालणं

पहिली पंधरा मिनिटं विचित्र वाटतं. पाय नेहमीपेक्षा चार बोटं फाकवून टाका, नाहीतर स्वतःच्याच फ्रेमवर पाय पडून आडवे व्हाल. मागे पाऊल टाकू नका, शेपटी बर्फात रुतते. वळायचं तर छोटी छोटी पावलं टाकत अर्धवर्तुळ करा. काठ्यांना तळाशी रुंद चकत्या हव्यात; पावसाळी ट्रेकच्या बारीक चकतीची काठी मुठीपर्यंत आत जाते.

चढ उभा झाला की टाचेखालची तार वर करा, पोटऱ्यांचा ताण बराच उतरतो. बुटाचं टोक बर्फात मारून दात रुतवा, मग वजन टाका. सवयीने आपण नागमोडी चढतो, पण स्नोशू आडव्या उतारावर कडेने घसरतात. उतार मध्यम असेल तर सरळ वर जा. आडवं जावंच लागलं तर डोंगराकडची कड बर्फात आपटून छोटी पायरी करा आणि डोंगराकडची काठी आखूड धरा. दुपारच्या ओलसर बर्फात दातांखाली गोळे जमतात आणि पकड जाते. दर काही पावलांनी काठीने फ्रेमवर टकटक करून ते पाडा.

ताज्या बर्फात वाट फोडणाऱ्याला मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढच्याने बाजूला उभं राहून सगळ्यांना जाऊ द्यावं आणि शेवटी लागावं. जोरकस मित्र आपली पाळी सोडायला तयार नसतो. तासाभराने घामेघूम होऊन तोच सगळ्यात आधी गारठतो. सगळ्यात हळू चालणारा दुसऱ्या क्रमांकावर असू द्या. शेवटी ठेवला तर तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला ती मिळतच नाही. पाऊण तासाने पाच मिनिटं थांबा. थांबल्याबरोबर आधी जाकीट, मग पाणी, मग फोटो.

हिमस्खलन

दरडीचा परशुराम घाट माहीत असलेल्यांना उतार केव्हा सुटतो याचा अंदाज असतो, पण बर्फाचे नियम वेगळे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. काठी उतारावर आडवी टेकवून त्यावर फोन ठेवला की कोन मोजता येतो. जोरदार हिमवृष्टीनंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट. फुटभर नवं बर्फ पडलं असेल तर शिखराचा दिवस पुढे ढकला. वाऱ्याने एका बाजूचं बर्फ उडवून दुसऱ्या बाजूला साठवलेलं दिसलं तर त्या साठलेल्या उतारावर जाऊ नका. पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला किंवा स्नोशूपासून चीर धावत गेली तर आलेल्या वाटेनेच मागे फिरा. संशयित टप्पा ओलांडावाच लागला तर एकेकाने, सॅकच्या कमरपट्ट्याचं बकल उघडून, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवून. धारेवर बाहेर झुकलेली बर्फाची कड खालून पोकळ असते. तिच्या काठावर सेल्फीसाठी जाऊ नका.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते आणि हवामान खातं पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन बर्फ आणणाऱ्या वादळी हवामानाचा अंदाज. दोन्ही सांकरी सोडण्यापूर्वी पाहा. स्थानिक वाटाड्या घ्याच, आणि तो नाही म्हणाला तर घासाघीस करू नका.

खाणं-पाणी

दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. थंडीत तहान लागत नाही, म्हणून ठरवून प्या. नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी आधी गोठते. रुंद तोंडाच्या बाटल्या सॅकमध्ये उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. रात्री गरम पाणी भरून बाटली झोपायच्या पिशवीत घ्या: पाय ऊबदार राहतात आणि सकाळी पाणी गोठलेलं नसतं. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी कपभर पाणी घाला, नाहीतर भांडं करपून पाण्याला जळकट वास येतो. भुसभुशीत बर्फाच्या दहा लिटरमधून जेमतेम लिटरभर पाणी निघतं. इंधन त्या हिशेबाने घ्या.

३,४०० मीटरवर पाणी ८८-८९ अंशांवरच उकळतं. कुकरशिवाय भात कच्चा राहतो आणि डाळ शिजतच नाही. कुकरमध्ये मऊ भात, वर तूप आणि मेतकूट, बरोबर आमसुलाचं कढत सार: मळमळणाऱ्या माणसाच्याही घशाखाली एवढं उतरतं. चालताना खायला काजूगर, खजूर, नाचणीचे लाडू, आंबापोळी. फणसपोळी आणि आंबापोळी खिशात, अंगाजवळ ठेवा, थंडीत चिवट होतात. चिक्की मात्र नेऊ नका, दात तुटेल. खोबरेल घरच्या थंडीतच गोठतं, ओठांना व्हॅसलीन बरं. रम-बिम वर नको. अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात त्वचेकडे रक्त जाऊन अंगाची उष्णता निघून जाते.

शिखराचा दिवस

तळावरून पहाटे चारच्या सुमारास निघा. हेडटॉर्चच्या जास्तीच्या बॅटऱ्या आणि फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत चार्ज झपाट्याने उतरतो. वर पोचा किंवा न पोचा, दहा वाजता मागे वळायचं, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा. शिखर दिसत असताना ठरवायला बसलात तर कुणीही वळत नाही. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतं आणि उतरताना मांडीपर्यंत रुतायला होतं.

सूर्य वर येण्याआधीच चष्मे लावा, श्रेणी ३ किंवा ४ चे (गडद काचांचे), बाजूने झाकलेले. ताजं बर्फ ८० टक्क्यांहून जास्त अतिनील किरणं परत फेकतं. डोळे त्या वेळी दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, तिथे ऊन खालून लागतं. माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग दिसतात. वारा असेल तर पंधरा मिनिटं पुरे.

दर तासाला जोडीदाराचं नाक, गाल, कान पाहा. पांढरा, मेणचट डाग दिसला तर उघडा तळवा त्यावर ठेवून ऊब द्या. बर्फ चोळायचं नाही आणि हातही चोळायचे नाहीत. कुणी अडखळायला, पुटपुटायला, चेन लावताना चाचपडायला लागला तर त्याचा थकवा समजून सोडून देऊ नका. आडोशाला न्या, ओलं थर्मल काढून कोरडं घाला, साखरेचं गरम पाणी द्या आणि उतरायला लागा.

उतरताना टाचेची तार खाली आहे ना ते आधी पाहा. वर राहिली तर माणूस पुढे कोलमडतो. गुडघे सैल, पावलं छोटी, वजन टाचेकडे, काठ्या चार बोटं लांब करून पुढे. घसरत जायचा खेळ स्नोशू घालून कधीच नको. दात मध्येच पकडतात आणि घोटा पिळवटतो. झाडीत शिरताना देवदाराच्या बुंध्यापासून हातभर लांबून जा. खालच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ असतं आणि माणूस कमरेपर्यंत आत जातो. दाबलेली वाट लागली की स्नोशू काढून मायक्रोस्पाइक चढवा. मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी मोजे काढून प्रत्येकाची बोटं बघा. बधिर बोटं शेकोटीजवळ धरू नका, भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात अर्धा तास बुडवा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून बर्फात चालायचं बाकी असेल, तर तेही सांकरीला पोचेपर्यंत थांबवा.